गूळ लवकर आला

लग्नसराई सुरू झाली की माझं कशातच लक्ष लागत नाही. उमरखेडहून ढाणकीकडे जाणाऱ्या रोडवर माझं जुन्या लाकडाचं यार्ड आहे. पाडलेल्या घरांची दारं, चौकटी, तुळया, खिडक्या मी विकत घेतो आणि विकतो. यार्डाच्या अलीकडे एक मंगल कार्यालय, पलीकडे दुसरं. उन्हं उतरली की वरात निघते, डीजेचा दणका बसतो आणि भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी दारं आपापल्या कड्या वाजवायला लागतात. सगळ्या दारांवर एकदम कुणीतरी थाप मारावी तसं. गिऱ्हाईक हसतात. लोकांना वरात पाहिली की पंगत आठवते, मला गुळाची थाळी आठवते. तो खडा अजून माझ्या जिभेवर आहे. विरघळतही नाही आणि थुंकताही येत नाही.

यंदा त्यात आणखी एक धास्ती. माझ्या लेकीनं बांधलेली एक टेकडी या महिन्याच्या अखेरीस नाहीशी होणार आहे, आणि ती टेकडी जमिनीवर नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे. ही गोष्ट मी यार्डात कुणाला बोललेलो नाही. धंद्यात माणसाची किंमत कमी होते.

रोशनी लहान होती तेव्हापासून यार्डातच वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकून दारांच्या रांगांमधून फिरायची. कोणतं दार कुठे हात लागून लागून गुळगुळीत झालंय हे ती बोट फिरवून सांगायची. "बापू, या घरात डावखुरं मानूस होतं." मी हसायचो, पण मनात म्हणायचो, पोरगी माल ओळखते. मोठी झाल्यावर ती माझा धंदा घेईल असं वाटलं होतं. तिनं घेतला, पण दुसऱ्याच जगात.

तो उन्हाळा. तिच्या लग्नाच्या आधीचा. दुपारी यार्डाचं फाटक लावून मी घरी जायचो, कारण त्या वेळात लाकडाला हात लावला तर चटका बसतो आणि गिऱ्हाईक तर झाडाखालून हलत नाही. घरात कूलरची घरघर, वाळ्याच्या ओल्या ताटीचा वास, कमलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कैरी चिरून मीठ लावून ठेवलेली. आणि कोपऱ्यात रोशनी, डोक्याला हेडफोन, समोर पडदा. पडद्यावर ठोकळ्यांचं जग. मातीचे ठोकळे, दगडाचे, लाकडाचे, पाण्याचेसुद्धा. कुठकुठली माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्या जगात शिरायची आणि मिळून एक गाव बांधायची. पेठ, घाट, देवळं, धर्मशाळा, एकाने तर नुसता पाणवठा बांधायला महिने घातले होते.

मी पहिल्यांदा विचारलं, "जिंकते कोन?"

"कोनीच नाही, बापू."

"मंग खेळता कायले?"

"खेळत नाही. बांधून राह्यलो."

"भाव काय त्या घराचा?"

"इकत नाही ना आमी."

विकायचं नाही, राहायचं नाही, पाऊस लागत नाही, वाळवी लागत नाही. मला त्या धंद्याचा काही थांग लागेना. पण कूलर त्याच खोलीत होता, म्हणून मी बसायचो. बसता बसता बघायला लागलो.

बाकीचे सगळे इमारती बांधायचे. रोशनी जमीन बांधायची. कुणी घर उभारायच्या आधी ती तिथं जायची आणि उतार करायची, ओढा वळवायची, झाडं लावायची. आणि वाटा. वाटांचं तिचं एक तंत्र होतं. इमारत झाली तरी ती वाट लगेच आखायची नाही. त्या जगाची किल्ली जिच्याकडे आहे ती मीनलताई यवतमाळला असते, नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेली बाई. तिला सांगून रोशनीनं एक सोय करून घेतली होती. माणसं जिथून वारंवार चालतील तिथलं गवत हळूहळू झिजायचं. रोशनी काही दिवस नुसती फिरायची, गवत कुठे झिजलंय ते बघायची, आणि मगच त्या झिजलेल्या रेषेवर फरश्या मांडायची. वाट वाकडी असली तर वाकडीच.

"सरळ काढली असती त कमी फरशी लागली असती," मी म्हणालो.

"सरळ काढली असती त लोकं बाजूनं चालले असते," ती म्हणाली.

आमचे आजे-पणजे लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलखातून मुलखात जायचे. तांडा कुठे टाकायचा हे ठरवायच्या आधी जुनी माणसं जागा चालून बघायची, असं माझा बाप सांगायचा. रोशनीला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. मला बापाच्या गोष्टी ऐकायला वेळ कधी होता? सायकलवर भंगार गोळा करून मी सुरुवात केली. ज्या घराच्या मालकानं मला दारातून हाकललं, त्याच घराचं दार पुढं मी विकत घेतलं आहे. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला देत नाही, तिथल्या तिथं आवाज चढवतो. उमरखेडात माझ्या तोंडाला लोक भितात. ते बरंच आहे.

एके दुपारी त्या जगात भांडण लागलं. अकोल्याकडच्या कुणा एका पोट्ट्याला झुकझुकगाडीचे रूळ टाकायचे होते आणि मध्ये रोशनीची टेकडी येत होती. तो म्हणे टेकडी कापू. रोशनी गप्प. तिचा स्वभाव कमलावर गेला आहे, दुसऱ्याचं ऐकून घेते आणि नख खात बसते. मला राहवलं नाही. मी तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि आपल्या कानाला लावला.

"कोन रे तू? टेकडीचा कोन मालक?"

"काका, तुम्ही कोण?"

"मी टेकडीचा बाप. तुले गाडी न्यायची हाय ना? ने. पन टेकडीच्या पोटातून ने. बोगदा कर. आन बोगद्याच्या तोंडाले चौकट लाव, सागवानाची, नुसतं भगदाड नाही पाह्यजे."

पलीकडे सगळे हसले. मीनलताईचा आवाज आला, "शेठ, बोगद्याला सागवान कुठून आणायचं?"

"ते तुमचं तुमी पाहा. मी भाव सांगतला."

बोगदा झाला. चौकटही लागली. तेव्हापासून ते सगळे मला शेठ म्हणतात. रोशनीनं मलाही त्या जगात एक माणूस करून दिला, ठोकळ्यांचाच, डोक्याला लाल पागोटं. मला तो नीट चालवता यायचा नाही. वेशीतून तिच्या टेकडीवरच्या घराकडे जायचं म्हटलं की मध्ये एक मोहाचं झाड, त्याला मी दर वेळी आदळायचो, मग डावीकडून लांब वळसा घालून ओढ्यात पडता पडता वर चढायचो. उजवीकडून सरळ वाट होती. माझा हात तिकडे वळायचाच नाही. रोशनी ओढणी तोंडाशी धरून हसायची. कमला म्हणायची, "आवो, जमिनीवर बी तुमी असेच चालता."

त्या दुपारी मी मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या असं आता वाटतं.

त्यातच सोयरीक आली. ढाणकीजवळच्या तांड्यातली. मुलगा विशाल, ढाणकीला बी-बियाण्याचं दुकान, निर्व्यसनी, बोलायला मऊ. घरात माणसं खूप. कारभार त्याच्या मोठ्या काकाच्या हातात, फुलसिंग त्याचं नाव, तांड्याचा कारभारीही तोच. पांढऱ्या मिशा, आवाज मोठा, माझ्यासारखाच. मला तो पाहताक्षणी आवडला नाही.

रोशनीनं विशालला पाहिलं, दोन शब्द बोलली, हो म्हणाली. रात्रीच्या भाकरी झाल्यावर माझ्याजवळ आली. "बापू, एक सांगू? मले ते बांधायचं सोडायचं नाही. कॉम्प्युटर सोबत न्यायचा, आन दुपारची एखादी घडी माही. एवढंच बोलून ठेवा तुमी." आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू. मी म्हणालो, "तू बिनघोर राह्य. सौदा मी करतो."

आता माझी रीत सांगतो. पडक्या घराचं लाकूड घ्यायला गेलो की मला काय हवंय हे मी कधी दाखवत नाही. किडलेल्या खिडकीपुढे उभा राहतो. तिच्यावरून तासभर भांडतो. मालक थकतो, मग मी खिडकी सोडून देतो, उपकार केल्यासारखी. तो सुटकेचा श्वास टाकतो तेवढ्यात जाता जाता खऱ्या सागवानी चौकटीवर हात ठेवतो, "हे बी टाकून द्या त्यात." मालक हो म्हणतो. कधी नाही म्हटलेलं नाही. या एका युक्तीवर मी यार्ड उभं केलं, घर बांधलं.

बोलणी आमच्याच अंगणात, कडुनिंबाखाली. सतरंज्या टाकलेल्या. तिकडून फुलसिंग आणि तांड्याचे नाईक, इकडून मी आणि आमच्या तांड्याची माणसं. आमच्यात सोयरीक गुळावर पक्की होते. पंचांच्या देखत गुळाची थाळी फिरते, प्रत्येकजण खडा तोंडात टाकतो. गूळ खाल्ला की शब्द संपला. मग कुणी नवी अट घालायची नाही. घातली तर पंच तोंड फिरवतात, आणि पोरीच्या नावानं बोललं जातं.

मी खिडकी निवडली होती ती कार्यालयाची. लग्न तांड्यात नाही, उमरखेडला मंगल कार्यालयातच झालं पाहिजे, असं मी धरून बसलो. मला कार्यालयाशी काही घेणंदेणं नव्हतं. उलट तांड्यातच बरं. पण भांडायला काहीतरी हवं.

फुलसिंग व्याह्याच्या नात्यानं म्हणाला, "इवाई, आपल्यात लग्न तांड्यातच होते."

"तुमच्यात होत असन. माही एकच पोरगी हाय. ते धुळीत नाही बसनार."

"धूळ? आमच्या तांड्यात धूळ हाय म्हंता?"

"मी पाह्यली ना. डोळ्यात गेलती."

आवाज चढले. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी झटकला. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. आता अजून थोडं ताणायचं, मग सोडून द्यायचं, आणि पाणी पिता पिता म्हणायचं, बरं, पोरीचा तो कॉम्प्युटर तेवढा. जिभेवर शब्द आला होता.

तेवढ्यात फुलसिंग उठून उभा राहिला. "मंजूर. कार्यालय त कार्यालय. आना गूळ."

सौद्यात समोरचा एकदम हो म्हणाला की समजावं, आपण चुकीची वस्तू मागितली. मला ते कळलं, पण थाळी तोवर नाईकांपर्यंत पोचली होती. एकेकानं खडा उचलला. थाळी माझ्यासमोर आली. अंगणातली सगळी माणसं माझ्या हाताकडे बघत होती. आतल्या दाराच्या फटीत रोशनीची ओढणी दिसली. मी खडा तोंडात टाकला. तोंड गोड झालं आणि बंद झालं.

संध्याकाळी तिनं विचारलं, "बोल्ले का, बापू?"

"लग्नाले वेळ हाय अजून," मी म्हणालो. "बोलतो."

त्यानंतरचे दिवस मला आजही झोपेतून उठवतात. पत्रिका, कापड, आचारी, सगळी धावपळ, आणि त्याच्या खाली ती एक न बोललेली गोष्ट, तळव्यात रुतलेल्या कुसळासारखी. दिसत नाही, पाऊल टाकलं की टोचते. मी फुलसिंगला फोन केला. "इवाई, एक गोष्ट राहून गेली."

तो हसला. "इवाई, गूळ पोटात गेला. आता त्याच्यावर मिरची नका टाकू. राम राम." फोन ठेवला.

ऐकूनसुद्धा घेतलं नाही. काय गोष्ट आहे एवढं तरी विचारावं की नाही माणसानं? मी पुन्हा फोन केला नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याच्या दारात उभा राहणारा मी नाही. कमला म्हणाली, "मीच बोलू का त्यायच्या बाईले?" मी तिच्यावर ओरडलो. दुपारी रोशनी पडद्यासमोर बसायची, आणि मला दिसायचं की ती नवीन काही करत नाहीये. जुन्या वाटांच्या कडेला गवत लावतेय, पाय पडून निघालेल्या फरश्या बसवतेय. भाड्याचं घर सोडताना माणसं भिंतीतले खिळे काढून छिद्रं बुजवतात, तसं. विजेचा खेळ त्या उन्हाळ्यात सारखाच चालायचा. पडदा काळा व्हायचा, कूलर थांबायचा, आणि त्या शांततेत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसायचो.

आमच्यात नवरी निघताना हवेली म्हणते. बैलाच्या पाठीवर उभी राहून, हात वर करून, रडत रडत बापाच्या घराला भरभराट मागते. कमला अशी उभी राहिली होती, माझी बहीणही. आता फारसं कुणी करत नाही, पण कमलाची इच्छा होती. मी बैल ठरवला, शिंगं रंगवायला सांगितली. आणि कार्यालयाचा मॅनेजर म्हणाला, "शेठ, फरशी नवीन हाय. बैल आत नाही येनार." मी त्याच्याशी असा भांडलो की त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. पण बैल आत आला नाही. ते कार्यालय मीच मागितलं होतं, हे कुणी मला बोलून दाखवलं नाही. कमलानंही नाही. न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

हळदीच्या आदल्या दुपारी मी घरी आलो तर खोलीचं दार लोटलेलं. आतून गाण्याचा आवाज. फटीतून पाहिलं. पडद्यावर तिची टेकडी, आणि टेकडीवर बैल. ठोकळ्यांचा, पण किती मोठा. पाठीवर झूल, झुलीत आरशाच्या टिकल्यांसारखे पांढरे ठोकळे, रंगवलेली शिंगं. मीनलताई आणि ती सगळी माणसं, कुणी कुठली, त्यांनी मिळून तो उभा केला होता. बोगदावाल्या अकोल्याच्या पोट्ट्यानं म्हणे शिंगं केली. रोशनीची छोटी बाहुली त्या बैलाच्या पाठीवर उभी होती, आणि इथं खुर्चीवर बसून, डोळे मिटून, रोशनी हवेली म्हणत होती. खाली उतारावर ती सगळी माणसं रांगेनं उभी. त्यांना आमची बोली कळत नसणार. कुणी हलत नव्हतं. लाल पागोट्याचा माझा माणूस त्यांच्यात नव्हता.

मी दार तसंच लोटून यार्डात गेलो. दारांच्या रांगेत बराच वेळ उभा राहिलो.

रोशनी गेली. कॉम्प्युटर राहिला. कमलानं त्याच्यावर आपली आरसे लावलेली जुनी फडकी, म्हणजे ओढणी, घातली. पहिल्या पंचमीला रोशनी आली तेव्हा तिनं फडकी उचलून पाहिलीसुद्धा नाही. मी म्हणालो, "बस ना थोडं." ती म्हणाली, "घरात लय मानसं हायेत, बापू. आता सवय गेली." तक्रार नव्हती त्यात. तक्रार असती तर मी फुलसिंगच्या दारात जाऊन थैमान घातलं असतं. सासरी तिला कुणी दुखवत नाही. विशाल चांगला आहे. फक्त दुपार तिची नाही.

मग मी एक उद्योग सुरू केला. दुपारी फाटक लावून घरी यायचो, फडकी काढायचो आणि लाल पागोट्याचा माणूस घेऊन त्या जगात शिरायचो. वेशीतून निघायचो, मोहाला आदळायचो, डावीकडून वळसा, ओढ्याच्या काठानं टेकडीवर. तिच्या घरापाशी थांबायचो. सगळं जागेवर आहे ना बघायचो. कुणी काही उपटून तर नेलं नाही? मोकळं घर दिसलं की माणसाची नजर कशी फिरते ते मला माहीत आहे, माझं पोटच त्यावर आहे. मग परत. असे दोन उन्हाळे गेले. कमला म्हणायची, "जमिनीवरच्या घरी जा की लेकीच्या. ढाणकी काय लंकेत हाय?" मी जात नव्हतो. तिथं फुलसिंग होता.

आणि या चैत्रात मीनलताईनं सगळ्यांना सांगितलं की हे जग आता बंद करायचं. जुनं झालं, जड झालं, चालता चालता अडतं. नवीन जग सुरू होईल. ज्यानं जे बांधलं ते त्यानं स्वतः येऊन दाखवायचं, हे न्यायचं म्हणून. तेवढं नव्या जगात हलवलं जाईल. बाकीचं इथंच राहील आणि महिनाअखेरीला दिवा मालवला जाईल.

मी हेडफोन लावला. "ताई, रोशनीची टेकडी मी दाखवतो. न्या."

"शेठ, ती तिनंच दाखवायची."

"मी बाप हाय तिचा."

"माहीत आहे. पण तिला न विचारता आपण तिची टेकडी हलवली, तर रूळ टाकायला कापणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय?"

मी पुष्कळ बोललो. बोगद्याचं काढलं, चौकटीचं काढलं. मीनलताई मऊ आवाजात नाही म्हणत राहिली. अशा माणसाशी सौदा होत नाही. तिला माझ्याकडून काहीच नको असतं.

रोशनीला फोन केला. "राहू द्या, बापू," ती म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी तिला हाक मारत होतं. राहू द्या म्हणजे टेकडी राहू द्या की विषय राहू द्या, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. तेव्हापासून ही धास्ती. रात्री कुलूप लावताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, नळाखाली हात धुताना. टेकडी जाईल याची कमी. तिला आता ती नकोच असेल याची जास्त.

मागच्या आठवड्यात फुलसिंग यार्डात आला. लग्नानंतर पहिल्यांदा. ढाणकीच्या घरावर माडी चढवतायत, त्याला एक नक्षीचं सागवानी दार हवं होतं. यार्डभर फिरला आणि एका किडक्या खिडकीपुढं उभा राहिला. तिची चौकशी करायला लागला. मी ओळखलं. त्याची नजर मागच्या फुलांच्या नक्षीच्या सागवानी दारावर होती. हा पण तसलाच.

आयुष्यात पहिल्यांदा मी चहा मागवायच्या आधी बोललो. "इवाई, ते मागचं दार तुमाले पाह्यजे. देतो. पन आंधी माही वस्तू. रोशनीचा कॉम्प्युटर तुमच्या घरी येईन, आन दुपारची घडी तिची. तेव्हा तिले कोनी हाक मारनार नाही. हे गुळाच्या आंधी बोलायचं होतं. तुमी बोलू नाही देल्लं."

फुलसिंग खिडकीपासून वळला. "एवढंच?"

"एवढंच म्हंजे?"

"मले वाटलं तुमी काय मागता न् काय नाही. आन मंग तवाच काहून नाही बोल्ले?"

"तुमी गूळ लवकर आनला."

"आनला नाही त काय करू?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुमी कार्यालयापायी असे भडकले होते, मले वाटलं आता सोयरीक मोडते. पोरगा मले सांगून बसला होता, काका, हेच पोरगी. मी घाबरलो, इवाई. म्हनून थाळी बोलावली. आन नंतर तुमचा फोन आला, एक गोष्ट राह्यली म्हने. मले वाटलं, आला पुन्हा भांडाले."

बाहेरून वरात चालली होती. दारं कड्या वाजवत होती. इतके दिवस मी या माणसाला लबाड म्हणून सांभाळला होता, मनात जागा देऊन पोसला होता. आता त्या जागेचं काय करायचं? दाराच्या भावात मी त्याला एक पैसा सूट दिली नाही. तेवढं तरी माझं असू दे. थाळी घाईनं आणणारा शेवटी तोच.

दार आणि कॉम्प्युटर एकाच टेम्पोत गेले. कॉम्प्युटर फडकीसकट, दोन गाद्यांच्या मध्ये. ढाणकी रोडचे खड्डे मला पाठ आहेत, टेम्पो नजरेआड झाला तरी प्रत्येक खड्डा माझ्या पाठीत बसत होता. पोचला. विशालनं तारा जोडल्या. मग काहीच नाही. दोन दुपारी गेल्या, तीन गेल्या. यार्डात बिलं करायला एक जुना लॅपटॉप आहे, त्याच्यावर ते जग कसंबसं उघडतं, चित्र अडखळत चालतं. मी तिच्या घरापाशी जाऊन उभा राहायचो. त्या घडीला जगात कोण कोण आहे त्या नावांच्या यादीत तिचं नाव नाही. तिकडे वीज नसेल. नेट नसेल. काहीतरी आतून तुटलं असेल. किंवा सगळं चालू असेल, दुपारही तिची असेल, आणि ती नुसती झोपली असेल. ही अट तिनं मागितली होती त्याला दोन उन्हाळे झाले. किडलेलं लाकूड वरून धडच दिसतं, ठोकून पाहिल्यावर कळतं. मी फोन करून ठोकून पाहिलं नाही.

काल दुपारी यादीत तिचं नाव आलं.

मी हेडफोन घट्ट धरला. ती वेशीत उभी होती, बराच वेळ, जागची न हलता. मग चालायला लागली. मोहाच्या झाडापाशी थांबली. खाली बघत होती. वेशीपासून झाडापर्यंत, तिथून डावीकडे लांब वळसा घेऊन, ओढ्याच्या काठाला चाटून, वर टेकडीवर तिच्या दारापर्यंत गवत पार झिजलं होतं. उघडी मातीच दिसत होती. इतके दिवस मी त्यावरून चालत होतो आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं. उजवीकडची सरळ वाट हिरवीगार झाली होती.

हेडफोनमध्ये खरखर झाली. "बापू?"

"हाव."

"हे वाट कोन पाडली?"

"येतात लोकं," मी म्हणालो.

नाक ओढल्याचा आवाज आला, की नेटची खरखर होती कुणास ठाऊक. मग तिनं पहिली फरशी ठेवली. झाडाच्या बुंध्याशी, जिथं मी दर वेळी आदळतो तिथं. दुसरी तिच्या डाव्या अंगाला. मग पुढची. वळसा जसा होता तसा, कुठेही सरळ न करता, ओढ्याकडे.

टेकडी नेणार का, हे विचारायला माझे ओठ उघडले होते. मी मिटून घेतले. सौदा पटत आला की मध्ये बोलू नये, एवढं मला कळतं.